भास्करदादाचा एकुलता एक गोल

"डोळे फुटले होते का रे तुझे?" श्रीनाथदादा ट्रामच्या स्टॉपवर सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडत होता.

"ऑफसाइड होता. दिसलं ते दाखवलं."

"काय दिसलं? गोलकीपरची शेंडी?"

"मग तूच धरायचा होतास झेंडा."

भास्करदादा मध्ये पडला. "श्री, सोड ना. पोराची नजर आपल्यापेक्षा तेज आहे. असेन मी पुढे."

मी बुटांकडे बघत राहिलो. तो पुढे नव्हता.

पुण्यात नववीत शाळा सोडली म्हणून थोरल्या भावाने, श्रीनाथदादाने, मला इथं जर्मनीत कार्ल्सरूहेला आणून एका वर्कशॉपात चिकटवलं. तो आणि भास्करदादा टेक्निशे होखशूलेत, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, डॉक्टरेट करणारे. कॉलेजच्या मॅचेस मात्र मी एकही सोडत नाही. मला बॉल जमिनीवर लागतो, या पायातून त्या पायात, तिघांनी मिळून समोरच्याला चकवत नेलेला. मागून कुणी उंच लाथ हाणायची आणि पुढे उभ्या धिप्पाडाने डोकं लावायचं, हे बघून माझं टाळकं सरकतं. भास्करदादा नेमका तो धिप्पाड. पोट सुटलेलं, कमरेवर हात ठेवून अख्खी मॅच पुढे उभा. वरणभात खाताना आमची वादावादी ठरलेली. "गोल तो गोल. त्याला सोवळं-ओवळं नसतं," तो म्हणायचा. आणि तीन वर्षांत स्वतः एकही मारला नव्हता.

कालची त्याची शेवटची मॅच. आमचे मशीनवाले विरुद्ध बांधकामवाले. अशा मॅचला रेफ्री एकच येतो, लाइन्समन दोन्ही टीमनी आपापला द्यायचा. आमचा तापाने पडला म्हणून झेंडा माझ्याकडे आला. पाच मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. आमच्या पोरांनी सात-आठ पास करत असला सुरेख बॉल नेला, की बघत राहावं, आणि तो खांबाला लागून मागे आला. लगेच मागून आमच्याच कुणीतरी आंधळी लाथ हाणली. त्या क्षणी भास्करदादा त्यांच्या शेवटच्या गड्याच्या दोन पावलं अलीकडे होता. स्वच्छ दिसलं मला. बॉल त्याच्या खांद्यावर आपटला, धड डोक्यावरही नाही, आणि आत गेला.

मला रागच आला. हा कसला गोल? झेंडा वर केला.

शिट्टी वाजली. दोन्ही हात वर करून धावणारा भास्करदादा तसाच थांबला. मग हात खाली घेतले आणि चड्डीला पुसले.

आज तो जातोय. बाझेलची गाडी, पुढे जिनोव्हाहून मुंबईची बोट. सकाळी स्वतःचे बूट मला द्यायला आला. "मोठे होतील तुला. दोन मोजे घाल." मग म्हणाला, "सुधाला लिहिलंय, एक मारला होता गं, पण आपल्याच पोराने पकडलं. प्रामाणिक आहे म्हटलं."

सुधावहिनींना लिहिलंय. पत्र गेलंसुद्धा.

मी म्हटलं, "चहा घेणार?"

चुकून झेंडा वर गेला असता तर दादाच्या दोन थोबाडीत खाऊन मोकळा झालो असतो. पण मला गोल आवडला नाही, म्हणून मी तो खाल्ला. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नाही सांगितलं, तर तो जन्मभर मला प्रामाणिक म्हणत राहणार.

गाडी सव्वादोनची. स्टेशनवर सगळे असतील, सगळ्यांसमोरच बोलावं लागेल. दादा जिन्यातून हाका मारतोय. मला निघायला हवं.