सिंखाम आजोबांचा तुकडा

या, असे जवळ सरकून बसा, चटईवर जागा आहे. आमच्या नदीकाठच्या गावातली एक गोष्ट सांगतो. हसण्यासारखी नाही, पण ऐकून जा.

आमचे सिंखाम आजोबा विहारात प्रवचन गायचे. बुद्धाच्या मागल्या जन्माची कथा त्यांनी सूर लांबवत घेतली, की खांबांना टेकलेल्या बायांचे डोळे वाहू लागत आणि माझाही ऊर भरून येई. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. गावची जुनी बोली सहज बोलणारं माणूस आता विरळाच. बाकी सगळ्यांच्या तोंडी थाई.

म्हणून फेंगबाईंनी शाळेत बोलीचा तास सुरू केला. त्यासाठी त्यांनी म्हाताऱ्यांची मोबाइलवर चित्रणं घेतली होती, त्यातून तुकडे निवडायचे होते. तुकडा लहान हवा, एकच माणूस बोलणारा हवा, आणि ज्या वस्तूबद्दल बोलतो ती समोर दिसायला हवी. बहुतेक ठिकाणी कोंबडे आरवत होते, नाहीतर दोघंजण एकदम बोलत होते. सिंखाम आजोबांचा एकच तुकडा स्वच्छ निघाला. पितरांच्या सणाची तयारी चालली होती; त्या दिवशी पहाटे गेलेल्यांसाठी अन्नाच्या पुड्या विहाराभोवती जमिनीवर ठेवतात. त्यांची बायको ओनसी केळीच्या पानात चिकट भात आणि मासा बांधत होती, आणि आजोबा तिला चिडवत होते, "मी गेल्यावर माझीही पुडी ठेव गं जमिनीवर. विसरशील तू! भूक लागते मला. आणि मिरची नको, पोटात जळतं."

पान, भात, मासा, मिरची, सगळं एकातच आलं. बाईंनी तोच निवडला. त्या शहरात वाढलेल्या. पहाटे अंधारात विहाराभोवती पुड्या ठेवत त्या कधी फिरल्या नव्हत्या.

पोरांनी तो घोकला, अगदी आजोबांच्या सुरात. गल्लीत पळता पळता ओरडायची, "भूक लागते मला! पुडी ठेव गं!"

गेलेलं माणूस अन्न मागताना कानी आलं, तर त्याला पुढचा जन्म मिळालेला नाही, ते उपाशी भटकतंय, असं आमच्याकडे धरतात. ओनसीआजी रोज पुडी ठेवू लागली. सण नाही, काही नाही. स्वतःच्या ताटातलं उचलून ठेवायची. गालफडं बसली तिची.

"आजी, पोरं आहेत ती," मी म्हटलं.

"पोरं ओरडतात रे, पण मागतोय कोण? आयुष्यभर प्रवचनं गायली, आणि अजून उपाशीच?"

"भन्तेंनी सांगितलं ना, त्यांची गती चांगली झाली म्हणून?"

"भन्ते काय, माझी समजूत घालणारच."

शेवटी मीच तिला शाळेत घेऊन गेलो. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा उतरला. "आजी, माझ्या ध्यानातच आलं नाही हो! आत्ताच काढते. त्याऐवजी त्यांचं प्रवचन घालू?"

"खेळता खेळता ओरडायला? नको बाई. ते विहारातच राहू दे."

"मग त्यांचं दुसरं काहीच नाही माझ्याकडे."

"नसू दे."

तुकडा गेला. जाळं विणणाऱ्या एका बाईचा दुसरा आला, पण त्यात मुलांना गंमत वाटेना. थोड्याच दिवसांत गल्लीत पुन्हा थाईच ऐकू येऊ लागली. आजोबांचे शब्द पोरं विसरून गेली.

एका संध्याकाळी ओनसीआजी पायरीवर बसलेली दिसली. हात मांडीवर, चूल थंड.

"आज पुडी नाही बांधलीस?"

"कुणी मागितलीच नाही." मग म्हणाली, "सुटला असेल तो. बरंच झालं."

हे ती बोलीत म्हणाली. मला तिच्या बोलीत धड उत्तर देता येईना, थाईतच काहीतरी पुटपुटलो. तिनं मान हलवली आणि आत गेली. दार लावलं.

ती आहे अजून. विहारात गेलेल्यांच्या नावानं पुण्य वाटायला पाणी ओताल ना, तेव्हा जिवंत माणसाचंही नाव घेता येतं. ओनसीचं घ्या. एवढी आठवण ठेवा.