लादीखालची शीट आणि चांदी म्हैस

अखेर चंद्रभागाबाई गोठा सोडून घरात झोपायला आल्या. पण हे आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा त्या गोठ्यातच होत्या.

त्यांचा मुलगा प्रवीण मुंबईच्या एका सरकारी कचेरीत कारकून. दिवाळीत तो गावी कुडपणला आला आणि शेणाने सारवलेली जमीन उकरून त्याने चकचकीत लाद्या घातल्या. थंडी पडली. आईने एकच पाय टेकवला. "बरफाचा कारखाना काढलास रे," म्हणाली, आणि गोधडी उचलून गोठ्यात गेली. तिथे चांदी म्हशीच्या पाठीला पाठ लावून तिला झकास झोप लागे. गाव म्हणू लागलं, पोराने घरात लाद्या घातल्या नि आयशीला गोठ्यात घातलं. प्रवीणला ते फार लागलं.

त्याने महाडहून जुनैदला आणलं. जुनैद कुवेतला लाद्या बसवून आलेला.

"काकी, जुन्या लादीवर ही पातळ शीट, तिच्यावर नवी लादी. इन्सुलेशन म्हणतात याला."

"इन्सुलिन?" गोठ्यातून आवाज आला. "जमिनीला साखर झालीय?"

"नाय गो आये, थंडी अडवते ती," प्रवीण म्हणाला.

"मंग सुई कुठं टोचायची?"

लादी खरोखर उबदार झाली. फक्त शीट, सिमेंट आणि नवी लादी मिळून जमीन थेट उंबऱ्याएवढी वर आली.

"उंबरा कुठं हाय?" चंद्रभागाबाई दारातच थबकल्या.

"हाय ना काकी. फक्त दिसत नाय," जुनैद म्हणाला.

"मंग घर सुरू कुठनं होतं? पाय कुठं उचलू मी?"

चांदीला असा प्रश्न पडला नाही. आजवर ती उंबऱ्याला मान देऊन बाहेरच थांबे. आता अडवायला काहीच नव्हतं. ती सरळ आत आली, माजघरात मधोमध बसली आणि रवंथ करू लागली. प्रवीणने ओढली, जुनैदने ढकलली. चांदीने डोळे मिटले.

चंद्रभागाबाई दारातूनच गोठ्यात परतल्या, पण म्हशीविना तो गार पडला होता. त्यांनी थोडा विचार केला, गोधडी काखोटीला मारली, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उंच उचलून आत आल्या आणि चांदीच्या पाठीला पाठ लावली.

"ऊब हाय," त्या म्हणाल्या.

"लादीची ना गो?" प्रवीणने विचारलं.

आई घोरायला लागली होती.

प्रवीण म्हशीसमोर उकिडवा बसला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "आपणांस विनंती करण्यात येते की, आपण सदर माजघर तात्काळ रिकामे करून मूळ गोठ्यात रुजू व्हावे, व जाण्यापूर्वी सदर ऊब लादीचीच असल्याबाबत आमच्या मातोश्रींची लेखी खात्री पटवून द्यावी."