नव्या जावेचं तोंड

भेव म्हणाल तं माह्याएवढी भित्री बाई संग्रामपूरच्या आजूबाजूले सापडाची नाही. पाल चुकचुकली का मी बसल्या जागी 'कृष्ण कृष्ण' म्हणाची. मांजर आडवं गेलं का घागर घेऊन माघारी फिराची. आमचे हे हासत. म्हणत, "सुभद्रे, तुह्या भेवानं सातपुड्यातला वाघ बी गावात येत नाही."

गोष्ट तवाची, जवा आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता अन् आमच्या गावात मोटर पाहाले पोट्टे झाडावर चढत. माह्या दिराची, मोतीरामभाऊजीची, पहिली बायको जाऊन दोन वर्सं झाली होती. मी या घरात आली तवा हा दीर पाच वर्साचा. माह्या हातचं खाऊन वाढला. एक दिवस पाहतो तं घरात वांगेच वांगे. आज वांगे, उद्या वांगे. म्या म्हटलं, "भाऊजी, बाजारात दुसरं काही भेटत नाही काय?" तं गडी लाजला. तपास केला तवा समजलं, वांगे विकणारी कोकिळा, पायथ्याकडच्या गावची, पोरवयातच विधवा झालेली. म्हटलं, अस्सं हाये बापा!

दोघाईचा पाट ठरला. पाट म्हणजे विधवेचा दुसरा संसार. आमच्यात पाट लागे, पण चोरावानी. अंधाऱ्या पंधरवड्यात, दिवे लागल्यावर, ना वाजंत्री ना मांडव. अन् नवरीले पहिल्या रातीले घरात घ्याचं नाही, गोठ्यात बसवाचं. उजाडेपर्यंत सवाष्णीनं तिचं तोंड पाहाचं नाही. पाहिलं तं पाहणारीचं कुकू पुसल्या जाते म्हणत.

चुलतसासू रुखमाबाईनं मले दहादा बजावलं, "सुभद्रे, तुह्या नवऱ्याले, उकंडाले, महिना झाला हिवताप हाये. तिचं ताट गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेव अन् पाठ फिरवून ये. ध्यानात ठेव."

ध्यानात ठेव म्हणे! मले तं आठ दिवस झोप नव्हती. हे खाटेवर दोन घोंगड्याखाली कुडकुडत पडलेले. माणूस चिडका, घोरणारा, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवणारा. पण माहा होता. तो गेला तं मी भांडू कोणाशी?

पौष लागाच्या आत, मार्गशीर्षाच्या अंधारीत कोकिळा आली. त्या सांजेले सातपुड्याकडून असा वारा सुटला का चुलीपासून उठवे ना. मोतीरामभाऊजीनं तिले गोठ्यात बसवलं अन् माह्यासमोर येऊन उभा राह्यला.

"वहिनी, लय थंडी हाये ना," एवढंच बोलला अन् गेला.

मी ताट वाढलं. दोन गरम भाकरी, पिठलं, वर ठेचा. गोठ्याच्या उंबऱ्यापाशी वाकली अन् हात थांबला. घरात नवी नवरी येते अन् तिचं ताट कुत्र्यावानी उंबऱ्यावर? माह्याच्यानं ठेवल्या जाईना. मंग मले अक्कल सुचली. म्हटलं, पाहाचं नाही ना? डोळे मिटून जातो.

डोळे गच्च मिटले, एका हातात ताट, दुसऱ्या हातानं चाचपत आत घुसली. हाताले काहीतरी ऊन-ऊन लागलं. म्हटलं, "बस माय, जेव पोटभर," अन् ताट पुढे केलं.

पहिला घास घेतला आमच्या म्हशीनं. दोन्ही भाकरी एकदमच!

कोपऱ्यातून खुदकन हासू आलं. मले बी हासू आवरे ना, अन् हासता हासता डोळे उघडले. कंदील मेखेले टांगलेला. कोकिळेनं पटकन पदर तोंडावर ओढला अन् भिंतीकडे फिरली.

"पाहू नका, जाऊबाई! भासऱ्याईले ताप हाये. तुमच्या कुकवाले काही झालं तं मी कुठं तोंड लपवू?"

थंडीनं तिचे पाय लटलट कापत होते. मी आठ दिवस तिच्यापासून सोताले वाचवत होती, अन् हे पोरगी बी मलेच वाचवून राह्यली होती. लोकाईच्या लग्नघरात, हळदीकुकवात, अशी कितीदा भिंतीकडे फिरली असन?

खोटं कायले सांगू, तोंडात 'कृष्ण कृष्ण' चालूच होतं. तरी कंदील काढला, जवळ गेली अन् तिचा पदर वर केला. गोल तोंड, नाकाले माती, डोळे डबडबलेले.

"चाल घरात," म्हटलं. "ताट म्हशीनं खाल्लं. आता चुलीपाशीच बसा लागन."

रुखमाबाईनं लय तोंड सोडलं. मोतीरामभाऊजी दारात उभा राहून नुसता नाक पुसे. अन् मी? रातभर यांच्या नाकापुढे बोट धरून बसली. पहाटे हे खेकसले, "काऊन वो, मरू बी देत नाही, झोपू बी देत नाही?" मले एवढा आनंद झाला का त्या दिवशी मी भांडलीच नाही.

हे त्याच्यानंतर एकवीस वर्सं जगले, अन् एकवीस वर्सं भाजीत मीठ कमीच होतं.

ते गेले तवा बी थंडीचेच दिवस होते. दहावं झालं. मी अंधाऱ्या खोलीत पदर ओढून बसली होती. कोकिळा कंदील घेऊन आली, कपाळावर हे एवढं ठसठशीत कुकू. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नको वो कोकिळे. भाऊजीले जप. माह्यं तोंड नको पाहू."

तिनं कंदील खाली ठेवला. माहा पदर वर केला. रडत होती, पण आवाज खणखणीत.

"चाला जाऊबाई, चुलीपाशी," म्हणे. "नाही तं तुमचं ताट म्हैस खाऊन जाईन."

दहा दिवसात मले पहिल्यांदा हासू आलं.