मॅडम आल्याशिवाय

ताईंनी टॉवेलची घट्ट गुंडाळी केली आणि ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याखाली सरकवली.

"दाबा."

ड्रायव्हरनं गुडघा गुंडाळीवर दाबला. मांडी थरथरली, टाच खाटेवरून बोटभर उचलली गेली आणि पुन्हा खाली आली.

"किती वेळा?"

"वीस."

"काल वीस, परवा वीस. ताई, मी सातवीत तीन वर्षं काढलेला माणूस आहे. पण तिथंसुद्धा शेवटी कंटाळून मला आठवीत ढकललं होतं."

ताई हसल्या नाहीत. त्या मनात आकडे मोजत होत्या, पण गुडघ्याचे नव्हे. आजचा पंधरावा दिवस होता, आणि मॅडम येणार नव्हत्या.

ड्रायव्हर बसच्या पायरीवरून घसरून पडला होता आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. ती तारेनं जोडल्यावर पाच आठवड्यांनी तो या केंद्रात येऊ लागला. आजपासून महिन्याभरानं डेपोच्या डॉक्टरांपुढे त्याची तपासणी होती. तीत पास झाला तर पुन्हा गाडीवर जायचं, नाहीतर चौकशीच्या खिडकीत बसायचं. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि त्यानंतर जो भेटेल त्याला तो ते सांगत असे.

ताई फिजिओथेरपीच्या सहायक होत्या. तेवीस वर्षं झाली होती. व्यायामाच्या खोलीत भिंतीवर त्यांचा परवाना चौकटीत लावलेला होता, आणि त्याच्या वर, मोठ्या चौकटीत, मॅडमचा. मॅडम थेरपिस्ट होत्या आणि वयानं ताईंच्या भाचीएवढ्या. नियम असा होता की रुग्णाला तपासून उपचार ठरवायचे ते मॅडमनी, आणि ठरलेले व्यायाम करून घ्यायचे ते ताईंनी. त्यात बदल करायचा तर तोही मॅडमनीच, आणि दर पंधरा दिवसांनी रुग्ण स्वतः पाहून. पहिल्या दिवशी मॅडमनी ड्रायव्हरला अर्धा तास तपासलं होतं आणि कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या. गुडघा गुंडाळीवर दाबणे. पाय ताठ ठेवून उचलणे. वाकवणे नव्वद अंशांपर्यंतच. खाली रेघ मारून लिहिलं होतं, मी तपासल्याशिवाय बदल नको. मग त्या दुसऱ्या केंद्रावर गेल्या. मध्यंतरी तिसऱ्या केंद्रावरचा थेरपिस्ट नोकरी सोडून गेला आणि तेही मॅडमच्याच गळ्यात पडलं.

दुपारी ताईंनी त्यांना फोन लावला. गुडघा सहज नव्वदला येतोय, पुढे नेऊ का, असं विचारलं. पलीकडे कुणीतरी मॅडमना हाका मारत होतं.

"न बघता कसं सांगू, ताई? माझाही परवाना आहे."

कधी येणार हे काही त्या सांगू शकल्या नाहीत. ताई मग व्यवस्थापकाकडे गेल्या. तो म्हणाला, नियमानं बघितलं तर पंधरा दिवसांत तपासणी झाली नाही की उपचार थांबवायला हवेत. मग थांबवू का, असं ताईंनी विचारल्यावर तो दचकला. थांबवा असं मी कुठं म्हणतोय, चालू ठेवा, फक्त बदलू नका. म्हणजे नियम मोडायचा, पण नियमात राहून, असं ताई म्हणाल्या. व्यवस्थापकाला ते पटल्यासारखं वाटलं. त्यानं मान डोलावली.

संध्याकाळी घरी त्यांनी भांडी जरा जोरातच मांडली. नवरा मटार सोलत बसला होता. त्याला सगळं सांगून झालं. तेवीस वर्षांत किती आखडलेले गुडघे या हातांनी मोकळे केले ते सांगून झालं. या दिवसांत गुडघा वाकवला नाही तर पुढे तो दगड होतो, हे कालच्या मुलीला कळत नाही, हेही सांगून झालं.

"परवाना तुझा, गुडघा त्याचा आणि भांडी माझी," नवरा म्हणाला. मग एक शेंग हातात तशीच धरून त्यानं हळूच विचारलं, "पण तिनं रेघ मारून लिहिलंय म्हणजे काहीतरी असेलच ना?"

"असतं तर लिहिलं नसतं का?"

तो पुन्हा शेंगा सोलू लागला.

दुसऱ्या दिवशी वीस वेळा दाबून झाल्यावर ताई ड्रायव्हरसमोर स्टूल ओढून बसल्या. त्यांनी आपला डावा पाय स्टुलाखाली मागे घेतला, उजव्या पायानं तो आणखी मागे रेटला आणि तसाच धरून ठेवला.

"माझा गुडघा हल्ली आखडतो," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "मी असं करते. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा."

ड्रायव्हर त्यांच्या पायाकडे बघत राहिला.

"हे मला सांगताय?"

"मी माझ्या गुडघ्याचं बोलतेय."

"हां," ड्रायव्हर म्हणाला. "मग मी बघितलंच नाही."

त्या दिवशी ताईंनी फायलीत रोजच्यासारखंच लिहिलं, ठरल्याप्रमाणे व्यायाम करून घेतले. लिहिताना अक्षर जरा वाकडं आलं, एवढंच.

आठवड्याभरात ड्रायव्हर दारातल्या बुटक्या बाकावर आपला आपण बसायला लागला. बूट घालताना पाय जवळ घेऊ लागला. एकदा तर त्यानं सगळ्यांदेखत गुडघा छातीशी ओढून दाखवला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी त्याला दटावलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं. गुंडाळी दाबायला मात्र तो आता कंटाळत असे. सात-आठ वेळा कसंबसं दाबून तो पाय खाली सोडी. ताईही मोजत बसत नसत.

मॅडम आल्या त्या सव्विसाव्या दिवशी, जेवणाच्या वेळेला. हात धुऊन सरळ ड्रायव्हरच्या खाटेपाशी गेल्या. गुडघ्याला कोनमापक लावला, पाय वाकवायला सांगितला.

एकशे बारा.

मॅडमनी आकडा पुन्हा पाहिला. ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. तोंडून एक शब्द न काढताही माणसाला किती बोलता येतं ते त्या वेळी त्यांच्याकडे बघून कळलं असतं.

"आता खाटेच्या कडेला बसा," मॅडम म्हणाल्या. "आणि पाय सरळ करा. पूर्ण."

ड्रायव्हरचा पाय वर आला आणि मध्येच थांबला. मांडी थरथरू लागली. त्यानं खाटेची कड घट्ट धरली, दात आवळले, पण पाऊल काही वर जाईना. मॅडमनी पुन्हा मोजलं.

"पहिल्या दिवशी पाच अंश कमी पडत होते. आता अठरा पडताहेत." त्यांनी त्याच्या तळव्याला आपला पंजा लावला. "क्लच समजा आणि दाबा."

ड्रायव्हरनं दाबलं. मॅडमचा पंजा होता तिथंच राहिला.

"बास?" मॅडमनी विचारलं.

ड्रायव्हर त्या पंजाकडेच बघत होता.

मॅडमनी सांगितलं ते त्याला सांगितलं, पण ऐकलं ताईंनी. सांधा बदललेल्या गुडघ्याला आधी वाकवावं लागतं, हे खरं. पण याचा सांधा बदललेला नव्हता, वाटी फुटली होती. पाय सरळ करणारा सगळा जोर त्या वाटीवरूनच जातो. आधी तो जोर परत आणायचा होता. तोवर जास्त वाकवलं तर ओढ नेमकी तिथंच बसते. वाकणं पुढे कधीही मिळवता आलं असतं.

ताईंना आपले तेवीस वर्षांचे गुडघे आठवले. एकामागून एक. बहुतेक सगळे बदललेल्या सांध्यांचे होते. फुटलेल्या वाट्या किती, ते त्यांनी आठवून पाहिलं. चार. पाच असतील.

"हे कुठं लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"कारणाला फॉर्मवर रकाना नाही," मॅडम म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांना आपलंच वाक्य आवडलं नसावं. त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "घरी काय करत होतात?"

"मीच केलं," ड्रायव्हर घाईनं म्हणाला. "शेजाऱ्याचा पण गुडघा असाच होता, त्यानं शिकवलं. ताईंचा काही संबंध नाही."

मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी टॉवेल उचलून त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

ड्रायव्हरनं तपासणीचं विचारलं. अठरा दिवस उरले होते. मॅडम म्हणाल्या, अठरा दिवसांत नाही होणार, निदान दोन महिने लागतील. पुढची तारीख मिळते का, असं मॅडमनी विचारलं. मिळत नाही, असं त्यानं सांगितलं.

"मग खिडकीत बसतो," तो बूट घालत म्हणाला. "तीस वर्षं माणसं माझ्या पाठीमागे बसून बोलली. आता तोंडावर बोलतील."

तो काठी टेकत गेला. बुटाची नाडी बांधायची राहिली होती.

मॅडमना अडीच वाजता दुसरीकडे पोचायचं होतं. इतक्या दिवसांच्या नोंदींवर त्यांच्या सह्या राहिल्या होत्या, म्हणून त्यांनी फाईल मागितली. ती हातात देण्याआधी ताई कपाटाआड उभ्या राहिल्या. सोळाव्या दिवसाच्या नोंदीवर त्यांनी एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं. मी गुडघा जास्त वाकवण्याचा व्यायाम स्वतः करून दाखवला. रुग्णानं तो माझ्यामुळे केला. आजची तारीख घातली, नाव लिहिलं.

मॅडमनी उभ्या उभ्याच सह्या करायला सुरुवात केली. एका हातानं पान उलटायचं, दुसऱ्यानं सही. डोळे घड्याळाकडे. सोळावा दिवस आला आणि गेला. सहीचं शेपूट ताईंच्या बारीक अक्षरांवरून ओढलं गेलं. कुणी काही वाचलं नव्हतं. फाईल कपाटात गेली असती आणि तिथंच राहिली असती.

ताईंनी पानावर हात ठेवला.

"मॅडम, सोळाव्या दिवसाची सही वाचून करा."

"झाली ती."

"म्हणूनच म्हणते."

मॅडमनी पान मागे उलटलं. वाचलं. मग सुरुवातीपासून पुन्हा वाचलं.

"हे परवाना देणाऱ्या मंडळाकडे जातं, माहीत आहे ना? खाली माझी सही आहे. म्हणजे दोघींच्याही परवान्यांचा प्रश्न."

"माहीत आहे."

मॅडमनी फोन काढला आणि दुसऱ्या केंद्राला आज येत नसल्याचं कळवलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला, त्यांनी मध्येच फोन ठेवला. मग त्या खुर्चीवर बसल्या, ड्रायव्हरचा पहिल्या दिवशीचा तीन ओळींचा कागद फायलीतून काढून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. पाच ओळी झाल्या, दहा झाल्या, तरी त्या थांबल्या नाहीत.

ताई समोर बसून राहिल्या. काय लिहिलं जातंय, कारणं की तक्रार, ते त्यांना बसल्या जागेवरून वाचता येत नव्हतं.