पेन्शनवाल्यांचा चहा

सकाळी बायकोनं त्याचे मोजे धुवायला घेतले, तर एक मोजा रक्तानं ताठ झालेला. तिनं त्याचा पाय मांडीवर ओढून बघितला. तळव्यात लोखंडाचा बारीक तुकडा कालपासून रुतून बसला होता.

“दुखत नाही तुम्हाला?”

“छे, अजिबात नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

त्या तीन शब्दांनी त्याची झोप उडाली ती उडालीच. तो कारखान्यात जाऊन क्रेनच्या केबिनमध्ये बसला. क्रेनचा ब्रेक पायानं दाबायचा, आणि पाय ब्रेकवर आहे की नाही हे बघायला तो आज सारखा खाली वाकत होता. खाली साखळ्या अडकवायला नेहमीसारखा धाकटा, म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, उभा. टनभर पत्रा त्याच्या डोक्यावरून सरकायचा आणि हा खुशाल शीळ घालायचा. दाजी वर बसलेत म्हटल्यावर त्याला कसली काळजी?

साखर वाढल्याचं डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. गोळ्या घ्या, पाय बधिर होतात ते जपा, चहा बिनसाखरेचा प्या. पण कारखान्याच्या शहाण्यांनी काय करावं? कँटीनमध्ये चहाची वेगळी टाकी ठेवली आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘मधुमेहींसाठी’. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला ‘पेन्शनवाल्यांचा चहा’ म्हणालं. त्या नळाखाली कप धरणारा माणूस क्रेनवरून खाली आलाच म्हणून समजा. मग कोण धरतोय? सगळे गोड चहा ढोसत राहिले, आणि त्यात हाही. अंगावर काढलेलं दुखणं काट्याचा नायटा होऊन बसतं हे काय त्याला माहीत नव्हतं?

चहाच्या सुट्टीत तो रांगेत उभा राहिला. गोड चहाच्या नळापाशी आला, थबकला, आणि मन घट्ट करून बाजूला सरकला. सगळ्यांदेखत त्यानं लाल अक्षरांच्या टाकीखाली कप धरला.

नळ कोरडा.

“अहो, कुणी घेतच नाही,” कँटीनच्या मावशी आतून ओरडल्या. “कधीची बंद केली ती टाकी. साहेब म्हणाले, आपल्याकडे कुणाला साखर नाही.”

“आहे. मला आहे. एक कप करून द्या.”

“काय दाजी, पेन्शन लागली का?” मागून धाकटा हसला. रांगही हसली.

“पाय कळत नाही मला,” तो वळून म्हणाला. “सकाळपासून ब्रेक शोधतोय.”

धाकट्याचं हसू विरलं. “कधीपासून?”

“साखर दोन वर्षं आहे. पायाचं आज कळलं.”

“दोन वर्षं बोलला नाहीत?”

“क्रेन गेली असती रे.”

“आणि मी?”

त्याला लाज वाटली, नुसती लाज. खिशातली केबिनची किल्ली काढून त्यानं धाकट्याच्या हातावर ठेवली.

“साहेबांना दे. म्हणावं, दुसरा माणूस चढवा.”

मावशींनी तोवर मोठं पातेलं शेगडीवर ठेवलं होतं. “एका कपासाठी मी गॅस जाळत नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी टाकी भरून टाकली. तो पहिला कप घेऊन बाकावर बसला. चहा पार बेचव होता.

रांगेतला बुटका वेल्डर इकडेतिकडे बघत पुढे सरकला आणि त्यानं आपला कप लाल अक्षरांखाली धरला. या वेळी कुणी हसलं नाही.