मावशींचा दुसरा अर्ज

सिनेगॉगच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एकीत मोडक्या खुर्च्या आणि दुसरीत समाजाचा मदतकक्ष. मदतकक्ष म्हणजे एक टेबल, एक फोन आणि टेबलामागे बसलेली बाई. ती पूर्वी इस्पितळात केसपेपर काढायची. तीस वर्षं रांगा पाहून माणूसजातीबद्दल तिचं जे मत झालं होतं, ते इथे आल्यावर आणखी पक्कं झालं. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या कचेरीत कुठला कागद लागतो आणि कुठल्या खिडकीवरचा कारकून जेवणाआधीच भेटलेला बरा, सगळं तिला तोंडपाठ होतं.

समाजाचे अध्यक्ष फर्निचरचे दुकानदार. गावात ज्यूंची जेमतेम दीडशे घरं, आणि अध्यक्षांच्या मते त्यातलं एकही गरजू नव्हतं. "आपली माणसं सरकारदारी हात पसरायला लागली तर बाहेरचे काय म्हणतील?" असं ते दर बैठकीत विचारत. बाहेरच्यांना दुसरे उद्योग आहेत, हे त्यांच्या डोक्यात कोण घालणार! मदत करायचीच तर समितीने करायची, आणि समितीची मदत म्हणजे पाठीवर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव रंगवलेली चाकांची खुर्ची. अशा सहा खुर्च्या त्यांनी वाटल्या होत्या. घरांची दारं किती रुंद आहेत, हे पाहायला हा फर्निचरवाला कुठेही गेला नव्हता.

एक दिवस कवळीवाले काका तिच्यासमोर येऊन बसले. जन्मभर त्यांनी दाताच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून दिल्या होत्या. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं.

"माझ्या ओळखीतला एक जण आहे," काका म्हणाले. "त्याच्या बहिणीच्या अंगावरून वारं गेलंय. अशा लोकांसाठी काही सोय असते का?"

"त्या ओळखीतल्याचाही हात मोडलाय का?"

काका उठायला लागले. तिने फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

पालिकेची योजना होती. घरी मदतनीस यायची, आंघोळ घालायची, कपडे बदलायची. आधी फक्त तपासनीस येऊन परिस्थिती पाहून जायची. बाईने फॉर्म भरला, डॉक्टरचा दाखला मिळवला, तारीखही पक्की केली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : अर्जदार स्वावलंबी आहे, मदतीची आवश्यकता नाही.

ती तीन जिने चढून थेट त्यांच्या घरी गेली. घर लख्ख होतं. समितीची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नव्हती, म्हणून काकांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते. मावशी, म्हणजे काकांची थोरली बहीण, पलंगावर बसली होती. अर्ध्या गावाच्या शाळेचे गणवेश तिने शिवले होते. आता डावा हात मांडीवर नुसता पडून होता.

"तपासनीस आली तेव्हा काय केलंत?" बाईने विचारलं.

"चहा केला," मावशी म्हणाली. बोलताना तिच्या ओठांची डावी बाजू हलत नसे.

"तुम्ही?"

"एका हाताने. पहाटेपासून उठून बसले होते. साडी नेसवून घेतली, केस विंचरून घेतले. परकी बाई येणार घरात."

"आणि तिने विचारलं, आंघोळ जमते का?"

"जमते म्हटलं."

बाईच्या मस्तकात तिडीक गेली. "शाबास! म्हणजे उरलेला हातही गळ्यात बांधायची वेळ आली तरी काका म्हणणार, आमचं छान चाललंय! मी चार कचेऱ्या पालथ्या घातल्या, त्या तुमच्या केसांच्या भांगासाठी?"

"आवाज खाली," काका म्हणाले. "आम्ही भिकारी नाही."

"भिकारी परवडले. त्यांना काय पाहिजे ते सांगता तरी येतं."

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. अध्यक्ष होते. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले नाहीत की दहावा म्हणून ते काकांना न्यायला येत. गाडीतून मात्र कधी उतरले नव्हते. काका टोपी घेऊन निघाले.

दार लागल्यावर मावशीने मांडीवरचा डावा हात उजव्या हाताने उचलून नीट ठेवला. मग म्हणाली, "पुन्हा अर्ज करता येतो?"

"येतो. पण खरं सांगावं लागेल. तेही काकांसमोर."

दुसऱ्या वेळी बाई जातीने हजर राहिली. तपासनीस तरुण होती, तिचं लक्ष अर्धं घड्याळाकडे. ती कागदावरचे प्रश्न वाचत गेली : चहा करता का, जिना उतरता का. मग आंघोळीचा प्रश्न आला. काकांनी तोंड उघडलं.

"धाकट्या, तू गप," मावशी म्हणाली. पंचाहत्तरीचा धाकटा गप्प झाला.

"हा मला आंघोळ घालतो," ती म्हणाली. एकेक शब्द ढकलावा लागत होता. "दिवा बंद करून. त्याला दिसू नये म्हणून, आणि मलाही त्याचं तोंड दिसू नये म्हणून. अंधारात साबणावर पाय पडला. दोघंही पडलो. त्याचं मनगट गेलं. मी तासभर फरशीवर होते. लिहा."

तपासनीसने घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि लिहिलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. लोकांच्या खोट्या मानापानाची टर उडवण्यात बाईचा जन्म गेला होता. त्या पाठीकडे बघताना मात्र तिला एकही टोमणा सुचला नाही.

अर्ज मंजूर झाला. रोजची मदत मागितली होती, आठवड्यातून चार सकाळी मिळाल्या. समितीच्या वार्षिक अहवालात 'अध्यक्षांच्या प्रयत्नांमुळे' असं छापून आलं. बैठकीत टाळ्या पडल्या, तेव्हा बाई पर्समध्ये चष्मा शोधत राहिली. खोटारड्यांच्या टाळ्यांत आपलीही टाळी मिसळावी, इतकी काही ती म्हातारी झाली नव्हती.

काका त्यानंतर सिनेगॉगच्या दारात भेटले.

"माझ्या बहिणीची लाज तुम्ही सरकारी कागदावर चढवलीत," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाली. "तिसऱ्या पानावर आहे. पुढच्या वर्षी मुदत वाढवायला पुन्हा लागेल, जपून ठेवा."

त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. मावशीचा मात्र चार-आठ दिवसांनी फोन आला. मदतनीस पाणी फार कढत काढते, पाठ नीट घासत नाही, शिवाय बडबडते, अशी तक्रार होती.

"बदलून देऊ का?" बाईने विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "दिवा लावून घालते."