बकारामच्या क्लबचे जवई

कुडव्याच्या क्लबापाशी ना बूट होते ना जाळी. गोलचे खांब हिरव्या बांबूचे, पावसाळ्यात त्याले कोंब फुटत. तरी धान कापून झाले का हे पोट्टे जिथं जात तिथून ढाल घेऊन येत. मंग गोंदियातले लोक जळतील नाही त काय करतील?

स्टेशनासमोर रामलालचा पानठेला होता. रामलाल इंजन शेडच्या टीमचा पक्का माणूस, टीम हरली का त्या दिवशी गिऱ्हाइकाले चुना जास्त लावे. त्याच्या ठेल्यावर एकच गोष्ट चाले. कुडव्यासारख्या गावात दरेकस्याचा गोलकी कसा येते? डोंगरगडाच्या पलीकडचा फॉरवर्ड कसा येते? एक म्हणे, क्लब चालवणारा बकाराम त्याइले जंगलातली जडी खाऊ घालते, मंग पाय दुसरीकडे वळतच नाही. दुसरा म्हणे, मागून राइस मिलवाला सेठ आहे. तिसऱ्याचं म्हणणं, लढाईच्या वक्ती बिरसीच्या हवाईपट्टीवर गोरे होते, ते जाताना काहीतरी गाडून गेले अन् ते बकारामले सापडलं.

रुख्मा बाजारात वांगे विकाले येई तेव्हा हे सारं तिच्या कानावर पडे. ती बकारामची एकुलती पोरगी. सोनं सापडलं म्हणतात अन् मायच्या हातात लाखेच्या बांगड्या. ती तोंडाले पदर लावून हासे. बरोबरची सुखवंता म्हणे, सांगून टाक ना व एकदा. रुख्मा म्हणे, सांगाचं नाही, बाबानं मना केलं.

कारण तिले खरं मालूम होतं. तिले वाटे का मालूम आहे.

उदाराम, तो दरेकस्याचा गोलकी, त्यांच्या घरी लमझना होता. म्हणजे ज्या पोट्ट्याच्या घरी लग्नाले काही नाही, तो पोरीच्या बापाच्या घरी येऊन राहते, तीन वर्षं वावरात राबते, मंग सासराच पदरचा मांडव टाकून लग्न लावून देते. मधातच निघून गेला त केलेलं सारं बुडालं, पोरगीही गेली. उदारामले दोन वर्षं होऊन तिसरं लागलं होतं. नांगर तो धरे, बांध्या तो बांधे, अन् सांजच्या वक्ती आंगणात बसून फुटबॉलच्या चामड्याले मोहाच्या टोरीचं तेल चोळे. रुख्मा तेलाची वाटी देई तेव्हा तो वर पाहत नसे. पण वाटी परत देताना बोटं जरा हळू सोडे. तेवढ्यावर रुख्माचा दिवस निघे. येत्या फागुनात लग्न, असं बापानं म्हटलं होतं.

बकारामले फुटबॉलचं वेड होतं. पोरगा नाही, भाऊबंद विचारत नाहीत. पण मॅच जिंकली का गोंदियाचे मोठे मोठे लोक 'आइये बकारामजी' म्हणत, खुर्ची देत. त्या खुर्चीसाठी तो काही करू शके. किती काही, ते घरात कोणाले मालूम नव्हतं.

भैय्यालाल, तो डोंगरगडाच्या पलीकडचा फॉरवर्ड, मागच्या साली आला. बापानं सांगितलं, कामती ठेवला. त्याले घरात नाही, वावरातल्या कोठ्यात ठेवलं. रुख्मा त्याची शिदोरी नेई. तो मान खाली घालून खाये, अन् देवकाबाई, म्हणजे रुख्माची माय, कधी वावरात आली त तिले 'मामी' म्हणे. कामती मालकिणीले मामी म्हणत नाही. सासूले म्हणतात. रुख्माले ते एकदा खटकलं होतं. तिनं मायले विचारलं. माय म्हणे, तिकडची बोलीच तशी असन. रुख्मानं सोडून दिलं. इथंच चुकली.

इंजन शेडवाल्याइसोबत फायनल होती त्या दिवशी अर्धं कुडवा बंड्या जुंपून गोंदियाले आलं. बाया बंडीवर, माणसं चुन्याच्या रेघेवर. हाफटाइमच्या आधीच भैय्यालालनं एक गोल केला. बकाराम खुर्चीतून उठून कोणालेही मिठ्या मारून राहिला होता. तवा रामलाल आपल्या लोकाइच्या मधात बाकड्यावर उभा राहिला.

"अरे, कुडव्याची जडीबुटी समजली गा मले. पोरगी एक, जवई दोन. बकाराम, अजून हाफबॅक लागन त सांगजो, माया भाचा रिकामा आहे."

सारं मैदान हासलं. इंजन शेडवाल्याइनं आठवड्याभरापासून भैय्यालालले फोडाचं चालवलं होतं, नोकरी देतो म्हणत होते. तो बिचारा साधा. त्यानं सांगून टाकलं का मी तठी लमझना आहे, मले पोरगी देणार आहेत, सोडून येऊ त सारं बुडन. अन् उदारामचा काका बाजारात चारोळी विकाले येई, त्यानं रामलालच्या ठेल्यावर पान खाता खाता पुतण्याचं तेच सांगितलं होतं. रामलालनं दोन गोष्टी जोडल्या अन् फायनलपर्यंत तोंड दाबून ठेवलं.

रुख्मानं पाहिलं. गोलातून उदाराम तिच्या बंडीकडे पाहून राहिला. मधातून भैय्यालालही तिच्याच बंडीकडे पाहून राहिला. मंग त्या दोघाइनं एकमेकाइकडे पाहिलं. बंडीवरच्या बाया सरकल्या, तिच्या भवती जागा झाली.

हाफटाइमची शिट्टी झाली तशी ती खाली उतरली. बायकाइनं मैदानात जाणं कोणी पाहिलं नव्हतं. ती सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. तिकडून ते दोघेही आले.

"बाबा, मले कोनाले देल्लं तुमी?"

बकाराम इकडेतिकडे पाहून हासला. मंग दात दाबून बोलला, "बंडीवर जाऊन बस. दोघातला एक त निघूनच जाते ना. तीन वर्स कोन टिकते? जो टिकन त्याले देईन."

उदारामनं ऐकलं. सदरा काढला, बकारामच्या खुर्चीवर ठेवला अन् उघड्या अंगानं स्टेशनाकडे निघाला. भैय्यालाल जरा थांबला. वर्षभर कोठ्यात ढोराइसंगं झोपला होता तो. तो रेघ ओलांडून इंजन शेडवाल्याइच्या बाकड्यावर जाऊन बसला, अन् त्याइनं त्याले खांद्यावर घेतलं.

रुख्मा उदारामच्या मागं धावली. स्टेशनाच्या फाटकापाशी गाठलं.

"मले मालूम नोतं. मायची आन."

"शिदोरी तू नेत होती ना?"

"कामत्याची नेली. तो लमझना आहे हे मले कोन सांगन?"

"तो मामी म्हने. मी पन आयकलं होतं." उदारामचा आवाज फाटला. "मले वाटलं, रुख्मा आहे ना, काही असतं त सांगितलं असतं. आता लोक म्हनतात बकाराम पोरीले चारा करून खेळाडू धरते. मी काय म्हनू त्याइले?"

तिनं म्हटलं, मले संगं ने. तो म्हणे, तीन वर्षं पुरे नाही झाले, कोणत्या हक्कानं नेऊ? गाडी आली, तो चढला. ती तिथंच गिट्टीवर उभी राहिली.

कुडवा किती गोलनं हरलं ते सांगण्यात मतलब नाही. गोलात कोणी उभं राहाले तयार नव्हतं. घरी बकाराम जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून बसला. रुख्माले वाटलं, आता तरी त्याले लाज वाटली असन. पण सुखवंताचा बाप भेटाले आला तवा बकाराम त्याले म्हणत होता का तुमसरची मॅच आहे, उदाराम कसाही करून पाहिजे. पोरीचं नावच काढलं नाही. पोरीचं नाव दिवसभर गोंदियाभर फिरून राहिलं होतं. आता जातीतला कोण तिले मागाले येणार होता?

सकाळी ती पाण्याचा पितळी गुंड घेऊन निघाली, तो विहिरीवर ठेवला अन् स्टेशनावर गेली. मोळ्या विकून परत जाणाऱ्या बायाइत दबून दरेकस्याले उतरली. चारी बाजूनं पहाड, स्टेशन इवलंसं. विचारत विचारत घर काढलं. तिकडे एक चाल आहे. पोरीले दुसरा रस्ता राहिला नाही त ती आपल्या पायानं मनातल्या माणसाच्या दारात जाऊन बसते. घरच्याइनं पायावर हळदीचं पाणी टाकून आत घेतलं त लग्न झालं समजाचं. नाही घेतलं त ती कुठचीच नाही. मंग बापही घरात घेत नाही.

रुख्मा उंबऱ्यापाशी बसली. उदारामची माय घरात एकटीच होती. तिनं पोरीकडे पाहिलं, ओळखलं, अन् सूप बाजूले ठेवलं. म्हणे, पोट्टा बांबू तोडाले गेला, येईन. मी त आत घेतो तुले, पण त्याले येऊ दे. तिनं पाणी देल्लं. रुख्माले त्या पाण्यानं रडू आलं.

उन्हं चढल्यावर उदाराम आला. खांद्यावर कुऱ्हाड. तिले पाहून त्याचा चेहरा एकदम उजळला, तिनं तो पाहिला. मंग तसाच विझला.

"बापानं धाडलं काय व? तुमसरच्या मॅचसाठी?"

"नाही. मी माया मनानं आली. मी बसाले आली."

"खरं सांग."

"तुयी आन. परत न्याले नाही आली. मले क्लबाचं काही नाही पाहिजे."

त्यानं कुऱ्हाड भिंतीले टेकवली. त्याच्या मायनं हळदीच्या पाण्याचा गडवा आणला, रुख्माच्या पायावर टाकाले वाकलीच होती, अन् उदारामची नजर स्टेशनच्या पायवाटेवर गेली.

बकाराम येऊन राहिला होता. मागं क्लबचे दोघं. हातात कालचा उदारामचा सदरा, धुऊन घडी केलेला. दुरूनच हात जोडले.

"रामराम जवईबापू!"

उदारामनं मायच्या हातातून गडवा घेतला. रुख्माकडे पाहिलंही नाही. मायले आत ओढलं, दार लावलं. आतून आडणा पडला.

रुख्मा तशीच बसून होती. पाय कोरडे. बकाराम जवळ आला, बंद दार पाहिलं, पोरीले पाहिलं. तिले वाटलं हा आता मारन. मारलं असतं त बरं झालं असतं. तो तिच्यापाशी उकिडवा बसला अन् मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहान होती तवापासून असा हात कधी ठेवला नव्हता त्यानं.

"चांगलं केलं बेटा. तू बस अठीच. उठू नको. आज नाही त उद्या दार उघडन तो. लग्न धूमधडाक्यात लावून देतो, त्याले म्हन फक्त तुमसरले ये."

सदरा त्यानं तिच्या मांडीवर ठेवला. परतीची गाडी होती, तो उठला. क्लबच्या दोघाइले वाटेत काहीतरी सांगत होता, ते माना हालवत होते.

रुख्मानं सदरा दूर फेकला. दारावर दोन्ही हात मारले.

"उदाराम, मी त्याच्यासाठी नाही बसली. आयकून राहिला काय? मी त्याच्यासाठी नाही बसली."

आत कोणी चुलीत लाकूड सरकवलं. तेवढाच आवाज आला. ती दार वाजवत राहिली. उठून गेली असती त बाप खोटा पडला असता, पण जाणार कुठं? अन् बसून राहिली त बापाचंच ऐकलं म्हणतील. पहाडाच्या वळणावर गाडीनं शिट्टी मारली, तरी ती दार वाजवतच होती.